आधी टाकी मुरू दे

पोरी, कॉपरबँड बटरफ्लाय पाळायचं मनावर घेतलंयस, तर नीट ऐक. हा मासा घरात येतो तो बऱ्याचदा उपाशी राहून मरतो. म्हणून प्रत्येक गोष्ट करताना एकच विचार कर: याने हा खाईल का?

पहिलं, टाकी मुरू दे. निदान सहा महिने, वर्ष गेलं तर उत्तम. तेवढ्यात दगडांच्या कपारींत बारीक किडे धरतात, आणि त्याची ती लांब चोच त्यांना टिपायलाच घडलेली आहे. वाढला की तो वीतभर होतो, त्यामुळे साडेचारशे लिटरच्या खालची टाकी नको. आरओच्या पाण्यात मत्स्यालयाचं समुद्री मीठ कालव, घनता १.०२५ च्या आसपास ठेव. ॲमोनिया आणि नायट्राइट शून्यच हवेत. पाणी २५-२६ अंशांवर राहू दे. आपल्याकडच्या मे महिन्यात ते सहज तापतं, तेव्हा चिलरचा खर्च आधीच धर.

दुसरं, मासा घेताना दुकानदाराला म्हण, "माझ्यासमोर खाऊ घाला." खाल्लं नाही, तर रिकाम्या हाताने परत ये. पोट आत गेलेला, धापा टाकणारा मासा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नकोस. टाकीत ॲपटेशिया (दगडांवर माजणारं उपद्रवी समुद्रफूल) झालंय ते हा खाईल, एवढ्याच आशेवरही घेऊ नकोस. काही खातात, काही ढुंकून बघत नाहीत.

तिसरं, घरी आणलास की चार-सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेव. लपायला पाइपचे तुकडे टाक, दिवा मंद ठेव. रोगावर तांब्याचं औषध द्यावं लागलं तर ते याच टाकीत दे, मुख्य टाकीत कधीही घालायचं नाही. कोळंबी, शिंपले, प्रवाळ सगळं त्याने मरतं.

चौथं, खाणं. बाजारातून तिसऱ्या आण, काही दिवस फ्रीझरमध्ये ठेव, मग धुऊन, कच्च्याच, शिंपला उघडून दगडाच्या फटीत खोच. फटीत चोच घालून खायची त्याची सवयच आहे. एकदा खायला लागला की मायसिस आणि आर्टेमिया हे कोळंबीसारखे बारीक जीवही दे. दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं. उरलेलं तासाभरात काढून टाक, नाहीतर पाणी नासतं.

पाचवं, सोबती शांत हवेत. ट्रिगर नको, दांडगे टँग नकोत. तो हळूहळू टिपून खाणारा, धसमुसळ्यांपुढे त्याच्या वाट्याला काहीच उरत नाही. दुसरा कॉपरबँडही आणू नकोस, भांडतील.

आणि शेवटचं. मेयर्स किंवा ऑर्नेट बटरफ्लाय दिसायला कितीही देखणे असले, तरी ते जिवंत प्रवाळावरच जगतात. ते तू घरात पुरवू शकणार नाहीस. शिवाय आपल्याकडे दगडी प्रवाळांना कायद्याने संरक्षण आहे, ते गोळा करता येत नाहीत. ज्याचं पोट आपल्याला भरता येत नाही, तो मासा समुद्रातच राहू दे.