लय हातांच्या आधी

प्रिय सई,



तुझं पत्र आणि बाखच्या सी मेजर प्रील्यूडचं रेकॉर्डिंग, दोन्ही मिळालं. स्वर सगळे बरोबर आहेत, हातही मोकळा झालाय. लय मात्र हलते, हे तुझ्या बाईंचं म्हणणं खरं आहे. पण त्यावरून "माझ्यात लयच नाही" असं जे तू लिहिलंस, ते मला अजिबात मान्य नाही. गणपतीत आरतीला टाळ तूच धरतेस आणि सगळं घर तुझ्यामागे चालतं. लय तुझ्यात आहेच. पियानोवर बसलीस की मात्र तू तिचा ताबा बोटांकडे देतेस. बोटांना सोपं आलं की ती पळतात, अवघड आलं की थांबतात.

रेकॉर्डिंग नीट ऐक. या प्रील्यूडमध्ये जवळजवळ प्रत्येक बारमध्ये एकच नमुना लागोपाठ दोनदा येतो. पहिल्यांदा तू जपून वाजवतेस. दुसऱ्यांदा हाताला सगळं ठाऊक असतं म्हणून पळतेस, आणि पुढच्या बारच्या तोंडाशी नवा कॉर्ड शोधायला क्षणभर अडतेस. तेवढ्यानं सगळी चाल लंगडते. दुसरी खेप चालू असताना डोळ्यांनी पुढचा बार वाचायला हवा, कारण ती खेप हाताला येतच असते. त्यासाठी काही दिवस मूळ नमुना बाजूला ठेव. प्रत्येक बारचे सगळे स्वर एकदम दाबून कॉर्ड म्हणून वाजव, चार मोज आणि पुढच्या "एक"ला न चुकता पुढचा कॉर्ड. एखादा स्वर चुकला तर चुकू दे, "एक" चुकता कामा नये.

आता नमुन्याच्या आत बघू. पहिला अर्धा बार म्हणजे आठ स्वर: सी, ई, जी, वरचा सी, वरचा ई, आणि पुन्हा जी, सी, ई. पहिले दोन डाव्या हाताचे, मग उजव्या हाताचे तीन-तीन. हाताला ही विभागणी दोन, तीन, तीन अशी लागते, म्हणून प्रत्येक तिघांतल्या पहिल्या स्वरावर, त्या जीवर, तुझा जोर पडतो. पण ठोके चार-चार स्वरांनी पडतात! दुसरा ठोका येतो तो पाचव्या स्वरावर, वरच्या ईवर. तबल्याच्या घरात वाढलीस, तेव्हा तुला हे पटकन कळेल. वाजवताना तोंडानं "तिरकिट तिरकिट" म्हण, एका स्वराला एक अक्षर. पहिला "ति" खालच्या सीवर, दुसरा "ति" वरच्या ईवर पडला पाहिजे. आणि मोठ्यानं म्हण. मनात म्हटलेलं बोटांच्या सोयीनं वाकतं, आवाज वाकायला लागला की लगेच ऐकू येतं. पायानं ठेका धरायचा सल्ला बरेच जण देतात, मी देत नाही. नवशिक्याचा पाय हातांच्या मागून चालतो, हात पळाले की तोही पळतो.

कोणत्या लयीत वाजवायचं, हे सोप्या जागेवरून ठरवू नकोस. बाविसावा आणि तेविसावा बार काढ, जिथे डाव्या हाताला एफ शार्प आणि लगेच ए फ्लॅट येतो. ते दोन बार ज्या लयीत न अडखळता येतील, ती सध्या अख्ख्या प्रील्यूडची लय. ती मिनिटाला 60 ठोके असेल तर 60. इतक्या सावकाश वाजवण्यात काही कमीपणा नाही. बाखनं 1720 साली आपल्या नऊ वर्षांच्या थोरल्या मुलासाठी धड्यांची वही सुरू केली होती. या प्रील्यूडचं आधीचं, छोटं रूप त्याच वहीत आहे. म्हणजे हे मुलांना शिकवण्यासाठी वापरलेलं संगीत आहे.

मेट्रोनोमबद्दल तू विचारलं आहेस. जरूर लाव, पण त्याच्या आधारावर राहू नकोस. प्रत्येक ठोक्याला टकटक चालू असेल तर तू फक्त त्याच्या मागून जातेस. आधी चारही ठोके लाव. ते जमलं की ॲपमध्ये दुसरा आणि चौथा बंद कर, म्हणजे डाव्या हाताचा सगळ्यात खालचा स्वर आणि टक एकत्र येतील. मग बारला एकच टक ठेव. मधल्या रिकाम्या जागेत लय तुलाच धरावी लागते, आणि पुढच्या टकेला तू आधी पोचलीस की उशिरा, हे स्वच्छ कळतं.

तुझे बाबा तबल्याचा रियाज करायचे तेव्हा पेटीवर लेहरा मी धरायचे. त्रितालातली ती एकच ओळ, तासन्‌तास. तबल्यावर जलद बोलांचा रेला सुरू झाला की पेटीवरची बोटंही पळू बघतात. तिथे लेहरा हलला तर तबलजीला समेचा भरवसा राहत नाही. तबला कानानं पूर्ण ऐकायचा, पण त्याच्यामागे जायचं नाही, हे मी तिथे शिकले आणि पियानोवर मला त्याचाच सर्वांत जास्त उपयोग झाला. तुझा डावा हात म्हणजे तो लेहरा. मोझार्टनं 1777 साली आउग्सबुर्गहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात हेच सांगितलं आहे: संथ रचनेत उजवा हात सैल सोडला तरी आपला डावा हात लय सोडत नाही, आणि लोकांना याचं नवल वाटतं. उजव्या हाताची ती मोकळीक तुलाही मिळेल. डावा हात एकटा, उजव्याशिवाय, सगळे पस्तीस बार लयीत वाजवता आला की.

आणखी एक. सध्या पेडल नको. त्याच्या गुंजारवाखाली अडखळणं झाकलं जातं आणि तुला वाटतं, जमलं. शेवटच्या तीन बारांत नमुना बदलतो आणि तू एकदम संथ होतेस. तिथे थोडं सावकाश होणं मलाही आवडतं, पण आधी ते बार सरळ लयीत येऊ देत. लय धरता येत नसताना केलेलं संथ होणं ऐकणाऱ्याला ढिसाळच वाटतं.

पुढचं रेकॉर्डिंग पेडलशिवाय कर, "तिरकिट" तोंडानं म्हणत. बाबांना शेजारी बसव आणि हातावर ताल धरायला सांग. तू पळालीस तर त्यांनी तुझ्यामागे यायचं नाही, हे त्यांना आधीच बजाव. लेकीचं वाजवणं ऐकताना ते नक्की विरघळतील.

तुझी,
आत्या