काटा, ताट आणि घराची वहिवाट

गंगापूर रोड, नाशिक

चि. बाळ यास,

पत्र पावले, मजकूर समजला. चौदा वर्षांच्या नातीचे वजन वर्षभरात फार वाढले, म्हणून तू तिचा भात बंद केलास, रोज सकाळी तिला काट्यावर उभी करून आकडा वहीत मांडतोस, आणि इतका बंदोबस्त करूनही ती रात्री गुपचूप बिस्किटांचा पुडा फोडते, अशी तुझी कैफियत आहे. उभी हयात महसूल खात्यात घालवलेल्या माझ्यासारख्याला एवढे पक्के ठाऊक आहे, की अंमलदाराने आधी दफ्तर पाहावे आणि मग हुकूम काढावा. तू हुकूम आधी काढून मोकळा झालास.

या प्रकरणातील पहिले दफ्तर म्हणजे वाढीचा तक्ता. मोठ्या माणसांचा वजनाचा मापदंड वयात येणाऱ्या मुलांना लागू पडत नाही, कारण या काळात हाडे, स्नायू आणि रक्त यांची जी उभारणी चाललेली असते तिच्यासाठी वजन वाढावेच लागते. म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2015 साली 5 ते 18 वर्षांच्या मुलामुलींसाठी निरनिराळे तक्ते सिद्ध केले असून, त्यांत एखाद्या दिवसाच्या आकड्यापेक्षा रेषा कोणत्या दिशेने चालली आहे यालाच महत्त्व असते. तेव्हा मुलीला बालरोगतज्ज्ञांकडे ने, उंची व वजन तक्त्यावर मांडून घे, पाळीची अनियमितता किंवा थायरॉइडचा दोष नाही ना याची खातरजमा कर. आणि ज्या मुलांची उंची वाढायची शिल्लक आहे, त्यांचे वजन न घटवता केवळ स्थिर राखले तरी पुष्कळ वेळा काम भागते, हेही ध्यानात ठेव. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 19 वयोगटातील 59 टक्के मुलींना रक्तक्षय आढळला होता. अंगाने भरलेली मुलगी रक्ताने उणी असू शकते. मग तिच्या ताटाला कात्री लावून तू काय साधणार? दिवसातून दोनच वेळा जेवण्याची जी लाट मोठ्यांमध्ये आली आहे, तिच्यात या वयाच्या लेकराला मुळीच ओढू नये.

दुसरे दफ्तर तुझ्या घराचे. शाळा सुटल्यावर पोर परस्पर कॉलेज रोडच्या क्लासला जाते, मधल्या वेळात वडापाव आणि थंड पेयाची बाटली होते, रात्री साडेआठला ती घरी येते, नऊला जेवते आणि बारापर्यंत मोबाइल पाहत जागते. 300 मिलिलिटरच्या गोड बाटलीत तीसेक ग्रॅम साखर सहज असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तर मोठ्या माणसानेही दिवसाकाठी शक्यतो 25 ग्रॅमच्या आतच राहावे. सरकारने 2020 च्या नियमांनी शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत असल्या पदार्थांच्या विक्रीला मनाई केली खरी, परंतु तुझ्या फडताळातील फरसाणाचा डबा सरकारच्या अखत्यारीत येत नाही. तो तुझ्या आणि सूनबाईंच्या अखत्यारीत येतो. चौघांच्या घरात एकटीसाठी वेगळे ताट वाढणे ही शिक्षाच होय. फरसाण घरात यायचे नसेल तर ते तुझ्यासाठीही येऊ नये. क्लासला जाताना तिच्या पिशवीत भाजलेले शेंगदाणे, चणे, एखादा पेरू आणि पाण्याची बाटली असू दे. आपल्या पेठ-सुरगाण्याकडची नागली गव्हातांदळाहून कितीतरी अधिक कॅल्शियम देते; तिची भाकरी, मुगाची उसळ, पालेभाजी आणि ताक असे जेवण सगळ्यांनी एकत्र बसून, दूरदर्शन संच बंद ठेवून करावे, आणि भाताची मूदही वाढावी. उपवासाच्या नावाखाली साबुदाण्याच्या खिचडीवर ताव मारून ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ करण्याची आपली खोडही आता मोडावी.

पेठ-सुरगाण्याच्या त्याच पश्चिम पट्ट्यातील कित्येक मुले पोटभर अन्नाअभावी वजनाने कमी भरतात, हे विसरू नकोस. आरोग्याचा तोल दोन्ही बाजूंनी जातो. त्याच मुलखातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 च्या दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले. तुझ्या मुलीने पदक आणावे असे मी म्हणत नाही. या वयाला रोज सरासरी तासभर अंग घामेजेल अशी हालचाल आणि आठ ते दहा तास झोप लागते, एवढेच माझे म्हणणे. क्लास नसेल त्या संध्याकाळी अनंत कान्हेरे मैदानावर फेऱ्या मारा, रविवारी पांडवलेणी चढा, क्लासला सायकलने जाण्याची मुभा दे. पण यातले काहीही वजन उतरवण्याची सजा म्हणून तिच्या माथी मारू नकोस. मोबाइल मात्र रात्री दहाला सर्वांचेच बाहेरच्या खोलीत जमा व्हावेत, तुझाही.

शेवटची बाब जिभेची. लग्नामुंजीत ‘अगं, किती सुटलीस!’ म्हणणाऱ्या आत्या-मावश्यांना तू तिथल्या तिथे थांबवले पाहिजेस. या वयात चारचौघांत झालेला उपहास मुलींना आरशाचा तिटकारा आणि चोरून खाण्याची सवय लावतो, किंवा पार उपाशी राहण्याच्या टोकाला नेतो. आणि ही दुखणी चार किलो वजनापेक्षा शतपटीने अवघड असतात. रात्री फुटणारा बिस्किटांचा पुडा हे तिच्या हावरेपणाचे लक्षण नसून, तुझ्या जप्तीला मिळालेले उत्तर आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

तेव्हा ती वही आजच बंद कर, काटा माळ्यावर टाक, आणि तपासणी डॉक्टरांच्या हाती सोपव. मुलीचे वजन हा तिचा अपराध नाही. घराची वहिवाट बदलणे हे आईबापांचे काम आहे, आणि ते तू उद्यापासून स्वतःच्या ताटापासून सुरू करावेस.

सूनबाईंना व नातीला आशीर्वाद. कळावे.

तुझा,
काका