गिरणाकाठी विदेशी फुलकंदांची लागण व थंडीची चाचणी

गिरणा नदीच्या खोऱ्यातील कापूस व केळी या पिकांच्या जोडीस थोड्या क्षेत्रावर फुलझाडे घेण्याकडे अलीकडे शेतकऱ्यांचा कल वाढत आहे. त्यांतील निशिगंध (गुलछडी) व ग्लॅडिओलस ही दोन्ही कंदापासून वाढणारी झाडे असून मूळची परदेशातील आहेत. निशिगंध मेक्सिकोतून आला. ग्लॅडिओलसच्या बागायती जातींचे पूर्वज मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतील होत. या झाडांचे बेणे महाग पडते. म्हणून मोठी लागण करण्यापूर्वी आपल्या शिवारातील हिवाळा त्यांस कितपत मानवतो, हे पाहून घेणे हिताचे असते.

नवे बेणे आधी लावून पाहण्याची रीत भडगावास अपरिचित नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, खानदेश हा एकच जिल्हा असताना, सरकारी प्रयोगक्षेत्र याच गावी होते. तीच रीत शेतकऱ्यास आपल्या बांधावर पाव गुंठ्यात अवलंबिता येते.

थंडी कंदास काय करते

ज्या देशात जमीन वितभर खोल गोठते, तेथे नाजूक कंदांतील पाण्याचे बर्फ होऊन पेशी फुटतात व कंद सडून जातो. यास्तव तेथे हिवाळ्यापूर्वी कंद काढून घरात ठेवतात. खानदेशात जमीन अशी गोठत नाही. काही वर्षी थंडीची लाट तीव्र असते. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस धुळे व निफाड भागात किमान तापमान ५ अंश सेल्सिअसच्या बरेच खाली गेले होते. तथापि अशा रात्रीही मातीत दहा सेंटिमीटर खोल असलेला कंद हवेपेक्षा उबदार असतो.

मग नुकसान कोठे होते? पहिले नुकसान पानांचे व दांड्यांचे. तापमान १० अंशांच्या आसपास उतरू लागले की निशिगंधाची वाढ मंदावते, दांडे आखूड राहतात व फुले कमी येतात. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होऊन फुलांस मागणी वाढते, नेमक्या त्याच वेळी माल घटतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेला ग्लॅडिओलसही डिसेंबर-जानेवारीत दांड्यावर येत असल्याने त्याच्या कळ्या थंडीच्या तावडीत सापडतात.

दुसरे नुकसान मुळांचे व कंदाचे. परंतु त्याचे कारण निव्वळ थंडी नसते. थंडीत झाड पाणी कमी ओढते. शेतकरी मात्र उन्हाळ्याच्या बेताने पाणी देत राहतो. काळ्या जमिनीत ते साचून राहते, मुळांस हवा मिळत नाही व कंद कुजतो. असा कंद पाहून ‘थंडीने मेला’ असे म्हटले जाते. ही चूक समजली नाही, तर शेतकरी चांगले पीक सोडून देतो किंवा नको त्या उपायावर पैसा खर्च करतो. चाचणीचा मुख्य हेतू ही दोन कारणे वेगळी करणे हा होय.

जागेची निवड

निरभ्र व वारा पडलेल्या रात्री जमिनीची उष्णता आकाशाकडे निघून जाते. जमिनीलगतची हवा प्रथम थंड होते व जड झाल्यामुळे उताराने सखल भागाकडे सरकते. त्यामुळे नाल्याकाठचे खोलगट शेत आणि त्याच गावातील उंचवट्यावरील शेत यांच्या तापमानात दोन-तीन अंशांचाही फरक पडू शकतो. केळीच्या बागाइतदारास हा अनुभव आहेच. कंदांसाठी पाण्याचा निचरा होणारी, किंचित उंच व उत्तरेकडून शेवरीसारख्या झाडांचा आडोसा असलेली जागा निवडावी. जमीन भारी असल्यास गादीवाफे किंवा सरी-वरंबे करून वरंब्यावर लागण करावी.

चाचणीची मांडणी

निशिगंधाचे सारख्या आकाराचे, दोन ते तीन सेंटिमीटर जाडीचे, कीडरोगमुक्त असे २०० कंद घ्यावेत. ते एकाच जातीचे असावेत. ‘फुले रजनी’, ‘शृंगार’ किंवा ‘प्रज्वल’ यांपैकी जी जात पुढे लावावयाची असेल, तीच चाचणीत घ्यावी. लागण एप्रिल-मे महिन्यांत पाच-सहा सेंटिमीटर खोल करावी. प्रत्येकी दहा कंदांचे वीस छोटे वाफे करावेत व ते पाच ओळींत, प्रत्येक ओळीत चार, असे मांडावेत. नोव्हेंबर अखेरपर्यंत सर्व वाफ्यांची निगा सारखीच राखावी. त्यानंतर प्रत्येक ओळीतील चार वाफ्यांस पुढील चार प्रकारांची वागणूक द्यावी :

१. उघडे ठेवून नेहमीप्रमाणे पाणी देणे.
२. उघडे ठेवून पाणी निम्म्यावर आणणे.
३. पाणी निम्म्यावर आणून गव्हाच्या काडाचे किंवा उसाच्या पाचटाचे पाच-सात सेंटिमीटर जाडीचे आच्छादन करणे.
४. पाणी तोडून पाने वाळल्यावर कंद काढणे, सावलीत सुकवून कोरड्या वाळूत ठेवणे व फेब्रुवारी अखेर पुन्हा लावणे.

कोणत्या वाफ्यास कोणता प्रकार, हे प्रत्येक ओळीसाठी चिठ्ठ्या टाकून ठरवावे. आपल्या मर्जीने ठरविल्यास चांगल्या जागेचा लाभ नकळत एकाच प्रकारास मिळतो.

येथे आच्छादनाविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वाळके आच्छादन मातीतील ऊब मातीतच राखते, त्यामुळे कंद सुरक्षित राहतो. पण तीच ऊब वर पानांपर्यंत पोहोचत नाही. अत्यंत थंड रात्री आच्छादित वाफ्यातील पाने उघड्या वाफ्यापेक्षा अधिक करपलेली दिसली, तर आच्छादन निरुपयोगी ठरले असे समजू नये. निर्णय कंद पाहून करावा.

नोंदी

किमान तापमान दाखविणारे दोन तापमापक घ्यावेत. एक जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, हवा खेळती राहील अशा झरोक्याच्या पेटीत ठेवावा. दुसरा पानांच्या उंचीवर उघडा ठेवावा. दोहोंतील आकडे निरभ्र रात्री बरेच भिन्न येतील. झाडास जाणवते ती थंडी दुसऱ्याची. वृत्तपत्रात किंवा आकाशवाणीवर येणारे तापमान पहिल्या प्रकारचे असते. रोज सकाळी सात वाजता वाचन करून तारीख, दोन्ही तापमाने, आकाशाची स्थिती व वारा वहीत लिहावा.

थंडीचा मार त्याच सकाळी पुरता दिसत नाही. यासाठी कडाक्याच्या रात्रीनंतर तिसऱ्या दिवशी पाने तपासून प्रत्येक वाफ्यास गुण द्यावेत : नुकसान नाही ०, शेंडे करपले १, पाव भाग करपला २, अर्धा भाग ३, त्याहून अधिक ४.

मार्चच्या मध्यास प्रत्येक वाफ्यातील फुटलेले कंद मोजावेत. जे फुटले नाहीत, त्यांतील एक-दोन काढून आडवे कापावेत. आतील भाग पांढरा व टणक असेल, तर कंद जिवंत असून विश्रांतीत आहे. तो ओलसर वाळूत उबदार जागी तीन आठवडे ठेवावा, म्हणजे कोंब दिसेल. भाग तपकिरी, मऊ व दुर्गंधीयुक्त असेल, तर तो कुजला आहे.

निष्कर्ष कसा काढावा

समजा, पहिल्या प्रकारात ५० पैकी ३१ कंद फुटले व दुसऱ्यात ४६ फुटले. दोघांवर थंडी सारखीच पडली; फरक केवळ पाण्याचा होता. तेव्हा दोष पाण्याचा ठरतो. मात्र असा फरक पाचही ओळींत एकाच दिशेने दिसला पाहिजे. तीन ओळींत एक व दोन ओळींत उलट असे आढळल्यास तो योगायोग मानावा. चौथ्या प्रकारात कंद अधिक जगले तरी काढणी, साठवण व पुनर्लागण यांची मजुरी हिशेबात धरावी. एक हिवाळा सौम्य जाऊ शकतो, म्हणून चाचणी दोन हिवाळे करावी.

ग्लॅडिओलसची गोष्ट निराळी आहे. त्याची लागण सप्टेंबरपासून दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी करून कोणत्या तारखेच्या लागणीचे दांडे थंडीतून निर्वेध निघतात, हे पाहावे. त्याचे काढलेले कंद मात्र शीतगृहात ४ ते ५ अंशांवर ठेवावे लागतात. त्या थंडीने त्यांची सुप्तावस्था संपते, आणि मे महिन्यात जळगाव जिल्ह्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढत असता घरातील कोठीत ते सुकून जाण्याचा धोका टळतो. वाढत्या पानास जी थंडी मारक, तीच विश्रांतीतील कंदास तारक ठरते. ट्युलिपचा कंद तर काही आठवडे कडक थंडी मिळाल्याविना नीट फुलतच नाही. तो काश्मीरात शोभतो. खानदेशच्या शेतकऱ्याने त्याच्या नादी लागू नये.

सारांश, गिरणाकाठी निशिगंधाच्या कंदास थंडीपेक्षा थंडीतील साचलेल्या पाण्याचे भय अधिक आहे. निचरा राखावा, डिसेंबरपासून पाणी हात राखून द्यावे आणि आपल्या वहीतील दोन हिवाळ्यांच्या नोंदी पाहूनच बेण्यावर मोठी रक्कम घालावी. अशी वही ठेवणाऱ्या शेतकऱ्याने ती शेजाऱ्यासही दाखवावी. कारण एकाच गावात उंचवट्याचे व सखल शेत यांच्या नोंदी जुळवून पाहिल्या, म्हणजे कोणत्या शिवारात फुलकंद लावावेत व कोठे लावू नयेत, याचा उलगडा साऱ्या गावास होतो.