भांग रुंदावतोय, काय करू?

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी बाळंत झाले. आता विंचरताना केसांचे पुंजकेच्या पुंजके येतात. शेगावकडच्या टक्कल पडण्याच्या बातम्या आठवून धास्ती वाटते. केसांच्या गोळ्या सुरू करू का?
– एक वाचक, नरडाणा

उत्तर : ताई, तुमचं आणि शेगावचं कारण वेगळं आहे. २०२४ अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातल्या त्या गावांत काही दिवसांतच डोकी उघडी पडली, अगदी पुरुषांची आणि मुलांचीही. तपासण्यांत रुग्णांच्या शरीरात सेलेनियम जास्त आढळलं. हेच सेलेनियम केसांच्या अनेक गोळ्यांत असतं, म्हणून मनाने गोळ्या घेऊ नका.

गरोदरपणात गळायचे थांबलेले केस बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी एकदम गळतात. टायफॉइड, डेंग्यूनंतरही असंच होतं. मूळ शाबूत असतं, त्यामुळे सहसा वर्षभरात केस परत येतात. मात्र पुंजके न येता भांगच हळूहळू रुंद होत असेल, तर ती आनुवंशिक विरळता असू शकते. तिच्यावर मिनॉक्सिडिल लावतात, पण अंगावर पाजत असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉईड मात्र तपासून घ्याच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय होता, आणि बाळंतिणीचा थकवा म्हणून तो घरोघरी अंगावर काढला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. कळण्याच्या भाकरीबरोबर पालेभाजी आणि लिंबू घ्या, जेवणावर लगेच चहा नको. वेणी सैल घाला. गोल चकत्या पडल्या किंवा डोक्याची त्वचा दुखू लागली, तर थांबू नका. धुळ्याच्या हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभागात दाखवा.