जुनी रिम विकताना आतली बाजू आधी बघा

सुबारू बीआरझेड विकायला काढली तेव्हा तिच्या मूळच्या १७ इंची रिम मी परत बसवल्या आणि हौसेने घेतलेल्या १८ इंची अलॉय रिम टायरसकट वेगळ्या विकायचं ठरवलं. अमेरिकेत बरेच जण असंच करतात, कारण बाहेरून बसवलेल्या रिमचे पैसे गाडीच्या किमतीत सहसा भरून निघत नाहीत. इथे मिशिगनमध्ये गाड्यांचा नाद असलेली मराठी मुलं पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

फोटो काढण्याआधी चारही रिम पालथ्या घालून आतून धुतल्या. दर्शनी बाजूला ओरखडाही नव्हता. पण ब्रेकची काळी भुकटी निघाल्यावर एकीच्या आतल्या कडेला केसाएवढी चीर दिसली. टायरमधली हवा मात्र उतरलेली नव्हती.

ही चीर कुठून आली असेल, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मार्चमध्ये रस्त्याच्या भेगांत मुरलेलं पाणी रात्री गोठून फुगतं, दिवसा वितळतं, आणि डांबर उखडून खड्डे पडतात. मूळच्या २१५/४५ आर १७ टायरची साइडवॉल सुमारे ९७ मिलिमीटर उंच, तर माझ्या २२५/४० आर १८ ची ९०. खड्ड्याचा दणका झेलायला रबर तेवढं कमी, म्हणजे मार थेट रिमच्या कडेवर. पोलादी रिम अशा वेळी बहुधा वाकते. ओतीव अ‍ॅल्युमिनियमला मात्र तडा जाऊ शकतो.

ओळखीच्या एकाने सुचवलं, ‘‘वेल्डिंग करून रंग मार, कोणाला कळतंय!’’ मला ते ऐकवलं नाही. ही रिम घेणारा बहुधा विशी-बाविशीतला मुलगा असणार आणि तो गाडी हळू चालवणार नाही, हे मला माहीत होतं. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा धातू नरम पडतो आणि तडा पुन्हा तिथेच उघडू शकतो. ती रिम मी भंगारात दिली. उरलेल्या तिघींना संचाचा भाव मिळाला नाही, पण त्यांनाही गिऱ्हाईक निघालं: त्याच बनावटीची एक रिम खड्ड्यात गमावलेला माणूस जोडीची शोधतच होता. तेव्हा तीन उरल्या तरी फेकू नका.

टायरच्या बाबतीत लोक फक्त नक्षी बघतात. ती बघायलाच हवी. बहुतेक राज्यांत २/३२ इंचाखाली, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटरच्या खाली, टायर कायद्याने बाद होतो. पण वयही बघा. साइडवॉलवर ‘डॉट’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. एका बाजूला ते अंक नसले तर दुसऱ्या बाजूला असतात. नक्षी भरपूर उरली तरी दहा वर्षांचा टायर विकू नये, असं माझं ठाम मत आहे. पंक्चर काढलेलं असेल तर कुठे काढलंय ते दाखवा. साइडवॉलवरचं पंक्चर काढून चालवायचं नसतं, तो टायर बादच.

माप जाहिरातीतच पूर्ण लिहा: रुंदी, ऑफसेट, मधल्या भोकाचा व्यास आणि पीसीडी. माझ्याकडे एक मुलगा लांबून डब्ल्यूआरएक्स एसटीआय घेऊन आला होता. ‘‘दोन्ही सुबारूच ना, काका?’’ त्या बिचाऱ्याचं गणित सरळ होतं. बीआरझेडचे पाच बोल्ट १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर, त्याच्या गाडीचे ११४.३ च्या. बसणं शक्यच नव्हतं. मी माप लिहिलं होतं, त्याने वाचलं नव्हतं. तेव्हापासून फोनवर आधी गाडी आणि साल विचारतो.

पैशांचं मात्र अगदी जपून. मला एकाने न बघताच पूर्ण किंमत कबूल केली आणि बँकेचा कॅशिअर्स चेक पाठवला, तोही जास्त रकमेचा. वरचे पैसे त्याच्या वाहतूकवाल्याला पाठवायचे होते. मी चेक भरलाच नाही. बँक असे पैसे एक-दोन दिवसांत खात्यात दाखवते, पण चेक खोटा असल्याचं कळायला कित्येक आठवडे लागू शकतात. तोवर आपण पाठवलेले खरे पैसे गेलेले असतात आणि बँक वसुली आपल्याकडूनच करते. जास्त रकमेचा चेक आला की तिथेच थांबा. व्यवहार रोख करा, दिवसा करा; अनेक गावांत पोलीस ठाण्याच्या आवारात अशा देवघेवीसाठी जागा आखून ठेवलेली असते.

रिमबरोबर तिचे नट द्या, कारण मूळचे नट बाहेरच्या रिमला नीट बसतीलच असं नाही. हवेच्या दाबाचे सेन्सर आत आहेत की काढून घेतलेत, तेही सांगा. आणि बसवल्यावर पन्नासेक मैलांनी नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासायला सांगा. मी ते पावतीवरच लिहून देतो.