राखणदार कोण? : आंबोलीच्या सहलीचा एक अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला)

सहल हा विद्यार्थी-जीवनातील आनंदाचा दिवस असतो. गेल्या जुलै महिन्यात आमच्या वर्गाची सहल निघाली. सकाळी सावंतवाडीचा राजवाडा आणि दुपारी आंबोली, असा बेत होता. राजवाड्यात आम्ही अर्धा तास थांबलो, धबधब्यावर दोन तास. परतीच्या गाडीत गाऊन गाऊन सर्वांचे घसे बसले होते. तेव्हा सरांनी सहज विचारले, "आज काय पाहिलेत?" सगळे एका सुरात ओरडले, "धबधबा!" सरांनी पुढे विचारले, "त्याचे पाणी कुठे जाते?" गाडीत शांतता पसरली.

त्या शांततेत सर्वांत जास्त ओशाळलो तो मी. कारण माझे गाव त्याच घाटाच्या पायथ्याशी आहे. पावसाळ्यातले दोन महिने माझी आई घाटात चहा-भजी विकते आणि त्या पैशांतून माझ्या पुस्तकांचा खर्च निघतो. तरीही उत्तर मला आले नाही. त्यानंतर मी तीनदा वर जाऊन आलो, जाणत्या माणसांना विचारले, ग्रंथालयात वाचले. त्यातून हाती लागले ते येथे मांडत आहे.

आमच्या कोकणात प्रत्येक जागेला राखणदार असतो असे मानतात आणि वर्षातून एकदा त्याला राखण देतात. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवला तरी या कल्पनेत एक चांगला प्रश्न दडलेला आहे. आपण जी जागा पाहायला जातो ती आजवर राखली कोणी? हाच प्रश्न घेऊन मी सहलीचा मार्ग पुन्हा चाललो.

१. राजवाडा

मोती तलावाच्या काठचा हा जांभ्या दगडाचा राजवाडा तिसरे खेमसावंत (कारकीर्द १७५५ ते १८०३) यांच्या काळातला. संस्थाने गेल्यावर अनेक ठिकाणचे वाडे ओस पडले. हा मात्र जिवंत राहिला, आणि त्याचे मोठे कारण दरबार हॉलमध्ये बसून काम करणारे चितारी हे आहे.

गंजिफा हा हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा खेळ. दशावतारी गंजिफ्यात विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि दहा साधी पाने, अशी एकूण १२० पाने होतात. छापील पत्ते स्वस्त झाले तशी ही कला मरणपंथाला लागली. १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी वृद्ध कलावंत पुंडलिक चितारी यांच्याकडून ती पुढच्या पिढीकडे आणली. राणीसाहेब स्वतः ती शिकल्या आणि राजवाड्यातच कारखाना सुरू झाला. २०१८ साली त्यांचे निधन झाले, पण काम थांबले नाही. वाड्याचा काही भाग आता अतिथिगृह झाला आहे.

म्हणजे वास्तू नुसत्या डागडुजीने टिकत नाही. तिच्यात कोणाचे तरी काम चालू असावे लागते. आम्ही अर्ध्या तासात तेथे सिंहासनाजवळ फोटो काढले. रंगवणाऱ्या हातांकडे कोणी पाहिले नाही.

२. रस्ता

सावंतवाडीहून आंबोली सुमारे ३० किलोमीटर. दाणोली मागे पडली की घाट सुरू होतो. हा रस्ता मुळात सहलीसाठी झालेला नाही. वेंगुर्ले बंदरात उतरलेला माल आणि बेळगावच्या लष्करी छावणीची रसद वर नेण्यासाठी इंग्रजांना तो हवा होता. समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवरचे आंबोली हे त्या वाटेवरचे विसाव्याचे ठिकाण. ते थंड हवेचे ठिकाण म्हणून पुढे आले, त्या संदर्भात पोलिटिकल एजंट कर्नल वेस्ट्रॉप यांचे नाव घेतले जाते.

१८८८ साली मुरगाव बंदर रेल्वेने घाटमाथ्याशी जोडले गेले आणि वेंगुर्ल्याचा व्यापार हळूहळू ओसरला. आंबोलीचे महाबळेश्वर झाले नाही. तिचे रान बऱ्याच अंशी उरले त्यामागे हेही एक कारण असावे, असे मला वाटते. येथे राखणदार कोणी माणूस नव्हता, गर्दीचा अभाव हाच राखणदार होता. आज तो उरलेला नाही.

३. पाणी आणि सडा

आता सरांच्या प्रश्नाचे उत्तर. आंबोलीत वर्षाला साधारण ७,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तो एकाच गावात पडतो, पण दोन समुद्रांना वाटला जातो. घाटाच्या पश्चिम कड्यावरून कोसळणारे पाणी, म्हणजे ज्याखाली आम्ही नाचलो ते, कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळते. गावाजवळच्या गुहेतून निघणारी हिरण्यकेशी मात्र पूर्वेकडे वळते. ती घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. आमच्या दारातला पाऊस आंध्र प्रदेशापर्यंत जातो हे मला एकोणिसाव्या वर्षी कळले!

हिरण्यकेशीच्या उगमावर देवस्थान आहे. तेथल्या कुंडात सापडलेला एक बोटभर मासा २०२० साली शास्त्राला नवीन म्हणून जाहीर झाला. त्याचे नाव नदीवरूनच 'शिस्टुरा हिरण्यकेशी' असे ठेवले आहे. पुढच्याच वर्षी राज्य शासनाने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. परंतु कायदा येण्यापूर्वी कितीतरी पिढ्या हे पाणी लोकांच्या श्रद्धेनेच सांभाळले. गंजिफ्यातला पहिला रंग मत्स्यावताराचा आहे. राजवाड्यातला मासा चिताऱ्याने राखला आणि कुंडातला भाविकांनी, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

आंबोलीच्या पिवळ्या बेडकाचे नशीब मात्र वेगळे आहे. त्याच्या अंगावर वाघासारखे पट्टे असतात, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावातही 'टायग्रिना' आहे. २००९ साली त्याची नोंद झाली. नष्ट होण्याचा धोका अतिशय मोठा असलेल्या प्राण्यांत त्याची गणना होते. पावसाच्या पहिल्या सरींबरोबर जांभ्या दगडाच्या सड्यावर उथळ डबकी साचतात, त्यांत तो अंडी घालतो. आपल्या दृष्टीने ते पायाखालचे गढूळ पाणी. गाडी लावायला मोकळा सडा सोयीचा वाटतो, आणि एका चाकाखाली एका डबक्याची सगळी वीण जाते. रात्री रस्त्यावर आलेले बेडूक चिरडले जातात ते निराळेच. त्या डबक्यावर ना देऊळ आहे, ना दरबार.

४. जमीन

मग सड्याचा राखणदार कोण? हे विचारू लागलो तेव्हा मला 'कबुलायतदार गावकर' हा शब्द भेटला. आंबोली, चौकुळ आणि गेळे या तीन गावांची जमीन संस्थानकाळात गावकरांकडे कबुलायतीने होती. गावाने सारा भरण्याची कबुली द्यायची आणि जमीन सामाईक वहिवाटायची, अशी ती पद्धत. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढे सातबाऱ्यावर या जमिनींना शासनाचे नाव लागले. पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या कुटुंबांना आपल्याच जमिनीच्या कागदासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले.

राजवाडा आणि रान यांचा संबंध मला येथे उमगला. आम्ही दोन वेगळी स्थळे पाहून आलो असे समजत होतो. वास्तविक एका ठिकाणी कबुलायती लिहिल्या गेल्या आणि दुसऱ्या ठिकाणी त्या जगल्या गेल्या. ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याने ती पुढच्या पिढीसाठी राखावी अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची?

५. सहल कशी असावी

इंग्लंडमध्ये १८९५ साली 'नॅशनल ट्रस्ट' ही संस्था स्थापन झाली. जुनी घरे आणि निसर्गरम्य जमिनी या दोहोंची ती एकत्र राखण करते, आणि सहलीला येणाऱ्यांची वर्गणी हा तिचा एक मोठा आधार आहे. पाहणाराही राखणदार होऊ शकतो हा तिचा धडा घेण्याजोगा आहे. आपल्याकडेही आंबोलीतील तरुणांचा 'मलबार नेचर कॉन्झर्व्हेशन क्लब' हेच काम आपल्या परीने करीत आहे.

सहली बंद कराव्यात असे मी म्हणणार नाही. तसे म्हटले तर आमच्या घरची चूल मंदावेल. संध्याकाळी टपरी आवरताना आई आजूबाजूच्या बाटल्या वेचते. एकदा ती म्हणाली, "हे लोक पाणी बघूक नाय येनत, भिजूक येतत." तिच्या बोलण्यात राग नव्हता. भिजणाऱ्यांनीच तिचा चहा घेतलेला असतो. पण बाटल्या वेचण्याचे काम तिच्यावर कोणी सोपवले, हेही विचारायला हवे.

म्हणून पुढील वर्षाच्या सहलीसाठी माझ्या चार सूचना आहेत. पहिली, निघण्यापूर्वी वर्गात एक तास त्या स्थळाची माहिती व्हावी. दुसरी, राजवाड्यात निदान एक तास चिताऱ्यांजवळ बसावे. तिसरी, स्थानिक जाणकाराला सोबत घ्यावे, त्याचे मानधन सहलीच्या वर्गणीतूनच द्यावे आणि गाडी सड्यावर नेऊ नये. चौथी, आपला कचरा आपणच खाली आणावा.

आणि परतीच्या गाडीत सरांनी तोच प्रश्न पुन्हा विचारावा. पाणी कुठे जाते, हे तेव्हा गाडीतल्या प्रत्येकाला सांगता यावे. त्यातल्या कोणी उलट विचारले की ही जागा राखते कोण, तर सहल सार्थकी लागली असे मी समजेन.