खड्ड्याचा भाव बोलण्याआधी माती पाहा

शेताला तारेचे कंपाउंड करायचे असो, द्राक्षबागेच्या मंडपाचे अँगल उभे करायचे असोत की बांधावर रोपे लावायची असोत, पहिले काम असते ते खड्ड्यांचे. १९९० साली महाराष्ट्र सरकारने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली. तेव्हा हे सारे काम कुदळ आणि पहारीने होत असे. आता पेट्रोलवर चालणारे, हातात धरून चालवण्याचे अर्थ ऑगर गावोगावी पोहोचले आहे. सुताराच्या गिरमिटासारखे हे यंत्र जमिनीत फिरत जाते आणि माती वर काढते. भांडवल बेताचे लागते आणि यंत्र मोटारसायकलवर बांधून नेता येते. गॅरेज, वेल्डिंग किंवा मोटार रिवाइंडिंगची माहिती असलेल्या आपल्या तरुणांना हा जोडधंदा सहज जमण्यासारखा आहे. दोघा-तिघांनी भागीदारीत यंत्र घेतले तर व्याजाच्या कर्जाचीही गरज पडत नाही.

परंतु या धंद्यात शिरणारे बहुतेक जण यंत्राची चौकशी करतात, मातीची करत नाहीत. मनगट मुरगळणे, बरगडीला मूठ लागणे, कंबर धरणे हे प्रकार बहुधा जमिनीचा अंदाज चुकल्याने होतात. आणि अंदाज चुकण्याची सुरुवात शेतात होत नाही, ती ठेका ठरवताना होते.

एकच भाव आणि त्यातून येणारी घाई

समजा, मऊ जमिनीत एका तासात ३० खड्डे निघतात आणि मुरमाड जमिनीत १२. दोन्हीकडे खड्ड्यामागे एकच भाव बोलला गेला, तर मुरमात तासाची कमाई चाळीस टक्क्यांवर येते. पेट्रोल मात्र तेवढेच जळते आणि बिटची धार जास्त झिजते. मग माणूस ती कसर घाईने भरून काढू पाहतो. यंत्रावर अंगाचा भार टाकतो, अडकलेले बिट इंजिन चालू ठेवूनच ओढतो, विश्रांती टाळतो. अपघात येथेच होतो.

म्हणून भाव बोलण्याआधी शेतमालकासमोर तीन नमुना खड्डे काढून पाहावेत. एक सखल भागात, एक मध्यावर आणि एक चढावर. एकाच शेतात वर मुरूम आणि खाली काळी माती ही आपल्याकडे नेहमीची गोष्ट आहे. त्यानंतर मऊ जमीन, मुरूम आणि दगडी जागा असे तीन वेगळे भाव ठरवावेत. खडक लागला तर खड्डा तेथेच सोडायचा की पहारीने पुढे न्यायचा, हेही कागदावर लिहून घ्यावे. कामाचे स्वरूप अंधारात ठेवून केलेल्या सौद्याला फिकहमध्ये ‘गरर’ म्हणतात आणि त्यापासून दूर राहण्याची ताकीद आहे. माती न पाहता केलेला ठेका त्याच जातीचा आहे. त्यात आज मालक फसतो, उद्या मजूर.

यंत्राचा स्वभाव

हातातील ऑगरला बहुधा लहान टू-स्ट्रोक इंजिन असते. गिअरमधून त्याचा वेग कमी होऊन बिट मिनिटाला साधारण दोनशेच्या आसपास फेरे घेते. वेग कमी झाला की पीळ वाढतो, आणि हा पीळच धोक्याचा. बिट वरून पाहता घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरते. ते दगडात किंवा मुळीत एकाएकी अडकले की यंत्राचे अंग उलट्या दिशेने फिरते. म्हणजे डावी मूठ आपल्या अंगावर येते आणि उजवी हातातून पुढे ओढली जाते. हे एका क्षणात घडते.

यासाठी पाय खांद्याइतके फाकवून उभे राहावे, कोपरे अंगालगत ठेवावीत आणि यंत्र शरीराजवळ धरावे. दोन्ही मुठी अंगठा खालून वळवून पक्क्या पकडाव्यात. झटका लागताच रेस सोडायची, एवढी एकच सवय हाताला लावून घ्यावी. रेस सोडल्यावर क्लच सुटतो आणि बिट थांबते. रेस सोडूनही बिट फिरत राहत असेल तर क्लच किंवा आयडलिंग बिघडले आहे. ते दुरुस्त झाल्याशिवाय काम सुरू करू नये.

दोघांनी धरायचे यंत्र असेल तर रेस एकाच्याच हाती असावी आणि ‘थांब’चा इशारा आधी ठरलेला असावा.

काळी माती

काळी माती ओली असताना चिकटते आणि सुकली की विटेसारखी कडक होऊन भेगाळते. दोन्ही वेळा ऑगर त्रास देते. ओल्या मातीत बिट स्क्रूसारखे स्वतःच खाली घुसत जाते आणि वर येत नाही. मग दोघेजण कमरेतून वाकून ते उपटू लागतात आणि तेथेच कंबर जाते.

यावर उपाय शेतकऱ्याला ठाऊकच आहे. वाफसा येऊ द्यावा. मूठभर मातीचा गोळा करून कमरेच्या उंचीवरून सोडावा. तो फुटून मोकळा झाला तर वाफसा आहे. चपटा होऊन तसाच राहिला तर अजून दोन दिवस थांबावे. काम करताना पाच-सहा इंच खाली गेले की बिट फिरत असतानाच वर उचलावे, माती झटकू द्यावी आणि पुन्हा खाली न्यावे. एका दमात पूर्ण खोली गाठू नये.

रोपांसाठी खड्डा असेल तर आणखी एक गोष्ट. चिकण मातीत बिट फिरल्याने खड्ड्याच्या भिंती घासून गुळगुळीत होतात. मुळ्या त्यातून बाहेर पडत नाहीत आणि पाणीही साचते. म्हणून खुरपीने किंवा पहारीच्या टोकाने भिंती खरवडून द्याव्यात. आंब्यासारख्या झाडाला मीटरभर लांब-रुंद खड्डा सांगितला जातो. आठ-बारा इंचाच्या बिटने तो होत नाही, हे मालकाला आधीच सांगणे ही सचोटी होय.

मुरूम आणि दगडगोटे

मुरमात झटका सर्वांत जास्त बसतो, कारण भुसभुशीत थराखाली दगड लपलेला असतो. येथे कार्बाइडचे दात असलेले बिट वापरावे. आधी लहान, चार किंवा सहा इंची बिटने वाट करावी आणि मग मोठे बिट लावावे. रेस अर्धीच ठेवावी. आवाज बदलला, यंत्र थरथरू लागले की थांबून पहारीने चाचपावे. सुटा गोटा असेल तर काढून पुढे जावे. सलग खडक असेल तर जागा बदलावी. ऑगर हे खडक फोडण्याचे यंत्र नव्हे. काही यंत्रांत बिट एका मऊ पिनेने जोडलेले असते. जोर फार झाला की पीन तुटते आणि गिअर वाचतो. तिच्या जागी खिळा किंवा कडक बोल्ट ठोकणारा माणूस पीन वाचवतो आणि गिअर व हात दोन्ही घालवतो.

कोकणचा जांभा आणि किनाऱ्याची पुळण

रत्नागिरी-सिंधुदुर्गकडे जांभ्याची जमीन आहे. उघड्या सड्यावर कातळ इतका कडक असतो की ऑगरचे तेथे काम नाही. जेथे वर मातीचा थर आहे तेथे ऑगर चालते, पण जांभ्यात मधेच पोकळी लागते आणि बिट धाडकन खाली जाते. त्यामुळे यंत्रावर भार टाकून उभे राहू नये. तोल आपल्या पायांवरच असावा. उतारावर आधी उभे राहण्यापुरती सपाट पायरी करून घ्यावी.

पुळणीत आणि नदीकाठच्या रेताड जमिनीत खड्डा झपाट्याने निघतो, म्हणून माणूस गाफील राहतो. तेथे भिंती ढासळतात आणि कडेला टेकवलेला पाय आत घसरतो. पाय खड्ड्यापासून दूर ठेवावेत. वाळू फारच कोरडी असेल तर आधी थोडे पाणी शिंपडावे आणि खड्डा होताच खांब किंवा रोप लावून टाकावे.

जमिनीखाली काय आहे?

ठिबकची मुख्य पाइपलाइन, विहिरीच्या मोटारीची केबल, टेलिफोनची तार, काही ठिकाणी गॅसची वाहिनी, यांची चौकशी मालकाकडे आणि ग्रामपंचायतीत आधी करावी. केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचे मोबाइल ॲप याच हेतूने सुरू केले. रस्त्याकडेच्या मोठ्या कामासाठी त्याचा उपयोग करावा. पाइप कोठून गेला आहे हे मालकाने दाखवून द्यावे आणि तेथे चुन्याची रेघ मारून घ्यावी. कब्रस्तानाच्या कुंपणाचे काम असेल तर जुन्या कबरींची जागा ट्रस्टी आणि वस्तीतील बुजुर्ग यांना विचारूनच हात घालावा. शंका असेल तेथे यंत्र न लावता हाताने, हळूहळू खोदावे.

रोजचे नियम

लुंगी, ढगळ कुर्ता, गळ्यातील रुमाल किंवा गमछा घालून हे यंत्र चालवू नये. फिरते बिट कापडाचे टोक पकडून माणसाला ओढून घेते. घट्ट पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, जाड तळाचे बूट, डोळ्यांना चष्मा आणि कानांत बोळे असावेत. जवळ उभे राहून पाहणाऱ्या मुलांना निदान पंधरा-वीस पावले दूर ठेवावे.

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणातच मिसळावे. प्रमाण २५ ला १ असेल तर लिटरला ४० मिलिलिटर, ५० ला १ असेल तर २० मिलिलिटर. इंजिन बंद करून, थंड झाल्यावरच पेट्रोल भरावे. बंद शेडमध्ये यंत्र चालवू नये, त्याचा धूर विषारी असतो.

बिट अडकले तर इंजिन बंद करावे, प्लगची टोपी काढावी आणि पाइप पान्याने बिट उलटे फिरवून सोडवावे. बिटमध्ये गुंतलेली मुळी किंवा तार काढतानाही हाच नियम.

यंत्राच्या कंपाने बोटे बधिर होतात. दर अर्ध्या तासाने माणूस बदलावा. रमजानमध्ये फजरनंतर काम सुरू करून ऊन चढण्याआधी आटोपावे. रोजा असताना दुपारच्या उन्हात हे यंत्र धरणे म्हणजे चक्कर आणि अपघात दोन्हींना बोलावणे होय.

शेवटची गोष्ट संध्याकाळची. उघडा खड्डा रात्रभर ठेवू नये. फळी, दगड किंवा काट्यांनी तो झाकावा. त्यात पाय अडकून कोणाचे मूल पडेल, कोणाचा बैल लंगडा होईल. वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे हे ज्यांच्या दीनमध्ये पुण्याचे काम आहे, त्यांनीच वाटेवर खड्डे मोकळे सोडून जावे हे शोभत नाही.

मजुरी ठरवताना माती पाहिली, भाव वेगवेगळे ठरवले आणि घाईचे कारणच ठेवले नाही, तर वरचे सारे नियम पाळणे सोपे जाते. महिन्याला चार खड्डे कमी निघाले तरी चालतील, पण यंत्र धरणारे दोन हात पुढच्या हंगामातही शाबूत असले पाहिजेत. अशा कमाईत अल्लाह बरकत देवो.